आठव्या दिवसाची अंडी

त्यांना उंदीर हवा असायचा, आणि तोही नर. आठवड्याच्या बाजारात, भातगिरणीत, देवळाच्या पायरीवर, जिथे चार माणसं भेटतील तिथे त्यांचं एकच मागणं असे: "उंदीर मेळ्ळो जाल्यार माका हाडून दी. पूण दादलो जाय हां, बायल नाका. आनी जिवो जाय." लोक हसायचे, पण आणायचेही. कुणी चिचुंद्री आणे, कुणी मांजराएवढी घूस पिंजऱ्यासकट आणून प्रयोगशाळेच्या दारात ठेवून जाई, आणि सर कपाळाला हात लावून म्हणत, "हो उंदीर न्हय रे, हो उंदराचो मामा!" एकदा भातगिरणीच्या मालकाने मोठ्या कौतुकाने एक डबा आणून दिला. सरांनी झाकण किलकिलं करून आत पाहिलं आणि "बायल" एवढंच म्हणून डबा त्याच्या हातात परत दिला. मास्तराने उंदरीण माहेरी धाडली, हे तो मालक पुढे वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता.

हे आमचे जीवशास्त्राचे सर. गोवा मुक्त होऊन वीसेक वर्षं झाली होती. पेडण्यात आमचं उच्च माध्यमिक नुकतंच सुरू झालेलं, आणि त्याच्या दोन खोल्यांच्या सायन्स विभागात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही बसायचो. मी रसायनशास्त्र शिकवायचो. मी डिचोलीचा, पंचविशीतला, शाळेच्या मागेच एका खोलीत भाड्याने राहणारा. ते चोपड्याचे, चाळिशी ओलांडलेले, लग्न न केलेले, विधवा बहिणीच्या हातचं जेवून रोज पहिल्या बसने येणारे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कंपास. पायांत बाराही महिने रबरी चपला. मुख्याध्यापकांनी एकदा बुटांचा विषय काढला, तेव्हा म्हणाले, "सर, हांगा बूट घालपी माणूस आनी बूट, दोगांकय बुरशी येता." मुख्याध्यापकांनी तो विषय तिथेच सोडला. त्यांच्या स्वतःच्या बुटांना आलेली होती.

गाव त्यांना 'तांत्यांचो मास्तर' म्हणायचं. तांतें म्हणजे अंडं. उंदीर हा त्यांच्या गरजेचा एक भाग, अंडी हा दुसरा. स्वतः ते अंडं खात नसत. बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईला गिऱ्हाईक विचारतं, अंडी ताजी आहेत का. हे विचारायचे, "कोंबो आसा मगो घरा?" घरात कोंबडा नसेल तर त्या अंड्यात पिल्लू धरत नाही, म्हणून हा प्रश्न. पण ती बिचारी पदर तोंडाला लावून शेजारणीकडे बघायची. अंडी घेतली की प्रत्येकावर ते पेन्सिलीने तारीख घालत. कोंबडी खुडूक बसली की त्यांच्या बहिणीचं आणि त्यांचं भांडण ठरलेलं. बिचारी तेरा अंडी बसवायची आणि आठव्या दिवशी त्यातली पाच गायब. "कोंबडेक पयलीं पिलां जावंदीत, मागीर तुझें शास्त्र कर," असं ती दारात उभी राहून ओरडायची, आणि हे रुमालात गुंडाळलेली अंडी पोटाशी धरून बस पकडायला धावायचे.

सुरुवातीला त्यांच्याकडे उबवायची पेटी नव्हती. मग त्यांनी शोध लावला की पोदेराच्या, म्हणजे आमच्याकडच्या पाववाल्याच्या, भट्टीमागची भिंत बरोबर हवी तेवढी गरम असते. पोदेर भला माणूस. त्याने भिंतीतला एक कोनाडा दिला. सरांनी त्यात भुसा घालून अंडी ठेवली, आणि नेमकी वार्षिक परीक्षा आली. पेपर तपासण्याच्या गडबडीत आठवा दिवस गेला, पंधरावा गेला. एका पहाटे पोदेर उंडे, म्हणजे गोल पाव, भट्टीत सारत होता आणि पाठीमागून चिवचिव ऐकू आली. सात पिल्लं. पोदेराच्या बायकोने ती वाढवली आणि त्यांतला एक कोंबडा पुढे चर्चच्या फेस्ताला कापला. त्या फेस्ताचं आमंत्रण सरांना होतं. ते गेले, भाजी आणि उंडे खाऊन आले.

आता हे सगळं कशासाठी? हे मला पहिल्यांदा कळलं ते कंपासमुळे.

स्टाफरूममध्ये कुणी डोळे मिटून बसलेलं दिसलं की सर मागून जाऊन त्याच्या मानेला कंपासची दोन टोकं हलकेच लावायचे. "किती टोकां? एक काय दोन?" मानेवर दोन टोकं लावली तरी माणूस "एक" म्हणतो. तीच बोटाच्या शेंड्याला लावली तर चटकन "दोन" म्हणतो. हा खेळ त्यांनी मुख्याध्यापकांवरही केला आणि मेमो घेतला. माझ्यावर केला तेव्हा मी वैतागून विचारलं, "सर, यातून निघतं काय?" त्यांनी माझं बोट धरलं आणि त्याचा शेंडा दाबून म्हणाले, "हांगा इतलें कळटा, कारण ह्या बोटान तुका आईच्या पोटांत आसतना खूब पेशींक सांगावो धाडिल्लो. मरूं नाका म्हण."

मग समजावून सांगितलं, आणि मी हातातला चहा तसाच धरून ऐकत बसलो. स्पर्श, दुखणं, थंड, गरम हे सगळं मेंदूकडे नेणाऱ्या मज्जापेशी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बारीक गाठींमध्ये राहतात. पिल्लू अंड्यात किंवा पोटात वाढत असताना या पेशी लागतात त्याच्या जवळपास दुपटीने जन्माला येतात. प्रत्येक पेशी आपला एक धागा लांब कातडीकडे पाठवते. कातडी काही सगळ्यांना पुरेल एवढं देत नाही. तिच्यातून एक द्रव्य अगदी थेंबाथेंबाने पाझरतं. ज्या धाग्याला ते मिळालं, ती पेशी जगते, वाढते. ज्याला मिळालं नाही ती गपचूप मरते. तिच्यात खोट काही नसते. तिला फक्त कुणी जग म्हणून सांगितलेलं नसतं. त्या द्रव्याला पुस्तकात लांबलचक नाव होतं. सर त्याला 'सांगावो' म्हणायचे. आणि हा सांगावा, का कोण जाणे, नर उंदराच्या लाळग्रंथीत भरभरून सापडतो. कोंबडीच्या पिल्लाच्या त्या गाठी काढायला सोप्या असतात आठव्या दिवशी. अंडी आणि उंदीर यांचं नातं हे असं होतं.

वर्गात ते हे शिकवायचे तेव्हा मी माझा तास नसला तर मागच्या बाकावर जाऊन बसायचो. चाळीस मुलं एका भिंतीला उभी. सर समोरच्या भिंतीशी, हातात वीस चिठ्ठ्या. मुलांनी हात लांब करून पुढे यायचं, ज्याला चिठ्ठी मिळेल तो उभा राहील, बाकीच्यांनी खाली बसायचं. एकच गोंधळ. मग सर बसलेल्यांकडे बोट करून उभ्यांना विचारायचे, "ह्यांचें कितें चुकलें?" मुलं म्हणायची, काही नाही सर. "बरें लक्षांत दवरात," असं म्हणून ते फळ्याकडे वळायचे. मी माझ्या सगळ्या शिक्षणात एवढं चांगलं शिकवलेलं काही पाहिलं नव्हतं.

ते मुळात मास्तर व्हायला आलेच नव्हते. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत ते याच विषयावर काम करायचे. वडिलांना अर्धांग झालं म्हणून एका महिन्याच्या रजेवर चोपड्याला आले. महिन्याची बारा वर्षं झाली. बहीण विधवा होऊन परत आलेली, वडिलांना कुशीवर वळवायलाही माणूस लागे. वडील गेले तेव्हा सरांचं वय एकेचाळीस. त्यांनी जुन्या मार्गदर्शकांना पत्र घातलं. उत्तर आलं ते त्यांनी मला टेबलावरून सरकवून वाचायला दिलं. म्हाताऱ्याने लिहिलं होतं की बारा वर्षांनी आलेल्या माणसाला समिती विचारणार, तुझा हात अजून चालतो का. तेव्हा आहेस तिथे, आहे त्या सामानात, ती गाठ एकदा वाढवून दाखव. एक फोटो पाठव. मी दिवाळीला निवृत्त होतोय, त्याच्या आत पाठवलास तर जागा माझ्या हातात आहे.

म्हणजे उंदराची गंमत संपली होती. एका फोटोवर या माणसाचं उरलेलं आयुष्य होतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहू नये.

जवळच्या तुयें गावातल्या कारखान्यातून आणलेल्या लाकडी खोक्याची त्यांनी पेटी केली. आत पंचवीसचा बल्ब, पाण्याची वाटी, थर्मामीटर. शिवणाच्या सुया दगडावर घासून त्यांनी हत्यारं केली. चष्मा काढून, डोळा भिंगाला चिकटवून, ते पिल्लाच्या कण्याजवळून खसखशीच्या दाण्याहून बारीक गाठ उचलायचे. ती कोंबड्याच्या रक्तातल्या पाण्याच्या थेंबात ठेवून काचेवर टांगायची, मेणाने काच बंद करायची, आणि पेटीत ठेवायची. एका काचेत सांगावा, दुसरीत नाही. सांगावा लागू पडला तर वीस तासांत गाठीतून चहूकडे धागे फुटतात. "सुर्यासारखें दिसता रे," ते म्हणायचे. "भोंवतणीं सगळीं किरणां."

पहिल्या खेपेला बुरशी आली. दोन्ही काचांवर. त्यांनी मला बोलावून दाखवली, पांढरा कापूस पिंजल्यासारखी. "ही पळोवन दवर. अशी दिसली काय वेळ करूं नाका, काच धू, ना जाल्यार सगळे पेटयेंत पसरतली." दुसऱ्या खेपेपासून ते डॉक्टरांकडून बुरशीवरच्या औषधाची बाटली आणून थेंबात घालू लागले. पण त्या वेळी वीज गेली ती सोळा तास आली नाही. तिसरी खेप श्रावणात. बहिणीने त्या वेळी स्वतःहून अंडी दिली. तिलाही कळलं होतं की हा आता जायचा.

शनिवारी दुपारी तीनला त्यांनी काचा पेटीत ठेवल्या. रविवारी वडिलांचं वर्षश्राद्ध. तिथी काही पुढे ढकलता येत नाही, आणि मुलगा हेच एकटे. जाताना मला म्हणाले, "तूं लागींच रावता. फाल्यां बरोबर इकरा वाजता एकदां पळय. कितें दिसता तें कागदार काड, आनी परत दवर. पूण इकरा वाजल्याबगर पेटी उघडूं नाका. भायली हवा भितर वचूंक फावना. हांव तीन वाजता येतां." चार वाजता फोटो स्टुडिओवालाही यायचा होता. सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा कसा धरायचा याची तालीम त्यांनी त्याच्याकडून आठवडाभर करून घेतली होती.

रविवारी मी आठ वाजताच गेलो. बल्ब पेटलाय ना, एवढंच बघायचं होतं. बघायला पेटी उघडावी लागली. नऊ वाजता पुन्हा उघडली, कारण थर्मामीटर नीट दिसत नव्हता. दहाला तिसऱ्यांदा. बाहेर झड लागलेली, माझे हात ओले, आणि मी एक काच उचलून उजेडाकडे धरूनसुद्धा पाहिली. याला कारण काही नाही. दुसऱ्याच्या महत्त्वाच्या कामात आपलाही हात लागावा असं वाटतं ना, तसं.

अकराला भिंगाखाली पहिली काच ठेवली. सांगाव्याशिवायची. मधोमध सुकलेला काळपट ठिपका, बाकी काही नाही. मग दुसरी ठेवली. ठिपक्याच्या भोवती सगळीकडून पांढुरकी लव आली होती. दाट, बारीक, अगदी कडेपर्यंत. बुरशी! आणि ती माझ्या ओल्या हातांनी, माझ्या तीनदा पेटी उघडण्याने आलेली.

मी सूर्य शोधत होतो. कॅलेंडरवर असतो तसा, झळझळीत, मोजता येतील अशा किरणांचा. ही राखाडी लव म्हणजे तोच सूर्य, हे माझ्या डोक्यात आलं नाही. एका काचेला बुरशी येते आणि तिच्या शेजारच्या काचेला, त्याच पेटीत, त्याच हातांनी हाताळलेल्या, येत नाही, याचा अर्थ काय असा साधा प्रश्न विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला पडायला हवा होता. मला एकच सुचलं, ते म्हणजे हे सरांना दिसता कामा नये. मी दोन्ही काचा माझ्या ॲसिडच्या भांड्यात टाकल्या, धुतल्या, पुसल्या, आणि कपाटात लावून ठेवल्या. कागदावर काहीच काढलं नाही.

सर तीनच्या आधीच आले. कपाळाला गंध, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात माझ्यासाठी श्राद्धाचे वडे आणि खिरीचा डबा. डबा टेबलावर ठेवायच्या आधीच विचारलं, "कितें दिसलें?"

"कांयच ना, सर," मी म्हणालो. "दोनूय सारक्योच. मदीं काळो थिपको. फाल्यां मुलांचें प्रॅक्टिकल, म्हणून धुवन दवरल्यो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओळखलं. पण ते म्हणाले, "धुवपाची इतली घाई कित्याक केली?" आणि कपाटातून त्या काचा काढून त्यांनी खिडकीशी धरल्या. स्वच्छ काचा. मी धुतलेल्या काचा फार स्वच्छ असायच्या. मग खुर्चीवर बसले, स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. "तीन फावट जालें. म्हजो हात गेलो रे."

हाच तो क्षण होता. "नाही सर, बुरशी आली होती, माझ्यामुळे," एवढं जरी मी बोललो असतो, तरी त्यांनी विचारलं असतं, कशी होती, कुठल्या काचेवर होती, आणि दोन प्रश्नांत त्यांना सगळं कळलं असतं. म्हणजे खरं काय ते मला माहीत असण्याचीही गरज नव्हती. मी फक्त माझी चूक कबूल करायची होती. मी म्हणालो, "सर, परत करूया की. दिवाळीक वेळ आसा."

"ना," ते म्हणाले. "तुवें स्वतां पळयलां मगो. आतां दुबाव कसलो?"

चार वाजता फोटोवाला कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आला. सरांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मुंबईचं पत्र त्यांनी तिथेच बसून लिहिलं, दोन ओळींचं. पोस्टाची पेटी माझ्या वाटेवर होती, म्हणून ते मीच टाकलं.

त्यानंतर त्यांनी कुणाकडे उंदीर मागितला नाही. पेटी बहिणीने नेली आणि तिच्यात नारळ ठेवले. वर्षभराने वर्गातला चिठ्ठ्यांचा खेळही बंद झाला. ते नोट्स सांगायला लागले, मुलं उतरवून घेऊ लागली, निकाल पहिल्यापेक्षा चांगला लागला. मुख्याध्यापक खूष. "सर आता लायनीवर आले," असं ते म्हणायचे. कंपास खिशात असायचा, पण तो मुलांच्या वह्यांत वर्तुळ काढायला. मी एकदा मुद्दाम डोळे मिटून, मान पुढे काढून स्टाफरूममध्ये बसलो. ते माझ्या मागून गेले आणि माठातलं पाणी पिऊन परत आपल्या खुर्चीवर बसले.

आम्ही अजून सोळा वर्षं त्या टेबलावर समोरासमोर बसलो. माझं लग्न झालं, मुलं झाली, बारशाला ते आले. माझ्या मुलीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तिच्या बोटाचा शेंडा दाबून बघितला आणि तिला आईकडे परत दिली. मला त्यांच्याविषयी वाईट वाटायचं, आणि तेव्हा माझी समजूत अशी होती की मी बुरशी लपवली, एवढंच. छोटं खोटं. फळ काही नाहीतरी येणार नव्हतं. शिवाय, आता सांगतोच तर हेही सांगतो, ते गेले नाहीत याचं मला आत कुठेतरी बरंही वाटायचं. पेडण्यासारख्या ठिकाणी असा माणूस समोरच्या खुर्चीत मिळत नाही.

ते निवृत्त झाले. मी पुढे त्याच शाळेचा प्राचार्य झालो. त्यांच्या चिठ्ठ्यांच्या वर्गात बसलेली एक विद्यार्थिनी मोठी शास्त्रज्ञ झाली होती. त्या रविवारनंतर चोवीस वर्षांनी आम्ही तिचा सत्कार ठेवला आणि मुलांसमोर दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने विषय निवडला तो सरांचाच. सर पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी, नवी चप्पल घालून. तिने सरांना वाकून नमस्कार केला, सांगाव्याची गोष्ट सांगितली, मग दिवे घालवून पडद्यावर एक जुना काळापांढरा फोटो दाखवला.

मधोमध ठिपका. भोवती पांढुरकी लव. दाट, बारीक, अगदी कडेपर्यंत.

"पहिल्यांदा बघणाऱ्याला ही बुरशीच वाटते," ती हसत म्हणाली. "मीसुद्धा पहिली प्लेट फेकायला निघाले होते." मुलं हसली. सर सगळ्यांत मोठ्याने हसले आणि माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "पळयलें? हेंच तें. हेंच आमकां मेळूंक नाशिल्लें."

आभार कुणी मानले, मी काय बोललो, मला काही आठवत नाही. मी त्यांना गाडीतून चोपड्याला सोडायला निघालो. नदीवर पूल झाल्यापासून फेरीबोटीच्या जुन्या धक्क्यावर कुणी नसतं. घराच्या अलीकडे मी गाडी तिथे वळवली. "कित्याक रे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडं बसूया. आम्ही पायऱ्यांवर बसलो आणि मी सगळं सांगितलं. आठ वाजता उघडलेली पेटी, नऊची, दहाची, ओले हात, लव, ॲसिडचं भांडं. काही वगळलं नाही. सांगताना मी पाण्याकडे बघत होतो.

मला वाटलं होतं, ते रागावतील. उठून जातील. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"सांगाव्याची काच? खरीच ती?"

"होय सर."

"आनी दुसरी? दुसऱ्येचेर कांयच ना?"

"कांयच ना. सुकिल्ली."

"सगळ्या वाटांनी आशिल्लें काय एकाच कुशीक? धागे सरळ आशिल्ले? कडेमेरेन पाविल्ले?" ते भराभर विचारत होते, सहासष्टाव्या वर्षी, पोरासारखे. मी आठवेल ते सांगत होतो. बरंचसं सांगता येत नव्हतं, कारण मी ते पुरतं अर्धा मिनिटही पाहिलं नव्हतं. "जालें मगो तर!" ते म्हणाले. "सुयेन काडिल्ली गांठ, पोदेराच्या गांवांतलो उंदीर, आनी वीस तासांनी धागे! जालें मगो! म्हजो हात गेलो नाशिल्लो!" त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. मला क्षणभर वाटलं, सुटलो. चोवीस वर्षांनी का होईना, बोललो ते बरं झालं.

मग त्यांनी माझा दंड सोडला. ते पलीकडे शिवोलीच्या काठाकडे बघू लागले. ओठ हलत होते, काहीतरी मोजत असावेत.

"तेन्ना हांव बेचाळीस वर्सांचो आशिल्लों रे," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. ते फक्त मला माहिती देत होते. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले, मी आधाराला हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही, आणि घराच्या वाटेने एकटेच चालू लागले.